सगळ्यात मागची खुर्ची

माझ्याकडे दोन डायऱ्या असतात. लाल डायरीत देवळं, लग्नं, बारशी. निळीत गोवा विद्यापीठ आणि कॉलेजं. लाल डायरी बाबांच्या वेळेपासूनची. निळी मी सुरू केली, कारण एका वर्षी म्हार्दोळच्या बाजूचं एक उत्सवी नाटक आणि ताळगाव पठारावरच्या विद्यापीठातलं एक चर्चासत्र एकाच पानावर एकावर एक चढलं आणि मी दोन्हीकडे उशिरा पोचलो. नाटकवाल्यांनी शिव्या घातल्या, चर्चासत्रवाल्यांनी नुसतं घड्याळ बघितलं. शिव्या परवडल्या.

यंदा फेब्रुवारीचं निळं पान जानेवारीतच भरलं. बायकोने ते बघितलं आणि विचारलं, "एवढी भाषणं ऐकून तुम्हाला डिग्री कधी देणार?" मी बारावी पास, तीही अकाउंटमध्ये काठावर. पण गेली अठरा वर्षं साउंडच्या धंद्यापायी मी व्याख्यानांना बसतोय. बसणं भाग असतं. मिक्सर सोडून उठता येत नाही. विद्यार्थी मधेच उठून जातात, प्रमुख पाहुणे जेवणाआधी जातात, मी शेवटच्या आभारापर्यंत. हिशेब केला तर काही एम.ए.वाल्यांपेक्षा माझी हजेरी जास्त भरेल.

आता पुढच्या महिन्याचं सांगतो, कारण दर वेळी कोणीतरी नंतर म्हणतं, "अरे, आम्हाला कळलंच नाही."

२१ फेब्रुवारी जागतिक मातृभाषा दिन, २७ मराठी भाषा गौरव दिन, २८ राष्ट्रीय विज्ञान दिन. आठ दिवसांत तीन दिन. त्यातच कार्निव्हलचे चार दिवस कधी आधी, कधी मधे घुसतात आणि तेव्हा पणजीत टेंपो घालायची सोय नसते. शिवाय लाल डायरीत जत्रा चालू, शिगम्याच्या तालमी चालू. भाचा म्हणतो, "मामा, एक माणूस ठेव." ठेवला होता. तो आता स्वतःचा मिक्सर घेऊन माझ्याच गिऱ्हाइकांना कमी भाव सांगतो.

मातृभाषा दिनाला बहुतेक ठिकाणी कविता असतात. एकाच मंचावर मराठी, कोकणी, हिंदी, पोर्तुगीज, कधी कन्नड. साउंडवाल्याला हा सगळ्यात कष्टाचा कार्यक्रम, कारण प्रत्येक कवी वेगळ्या उंचीचा आणि प्रत्येकाला वाटतं की स्टँड हलवला तर मोडेल. वाकून वाचतात, पण हलवत नाहीत. आणि गोव्यात भाषेचा विषय निघाला की अजूनही कोकणीला राजभाषा करणाऱ्या १९८७ च्या कायद्यापर्यंत गाडी जाते. तेव्हा कोकणी की मराठी यावरून घराघरांत भांडणं झाली, आमच्याही झाली. आमच्या घरात बोलणं कोकणी आणि वाचणं मराठी. सकाळचा पेपर मराठी, देवळातलं नाटक मराठी, आईची शिवी कोकणी. विद्यापीठात मराठी ज्या भाषा-संकुलात शिकवतात त्याला नाव शणै गोंयबाबांचं, ज्यांनी कोकणीसाठी जन्म वेचला. माझा भाचा त्या नावाच्या पाटीखालून रोज मराठीच्या वर्गाला जातो आणि त्यात त्याला काही अडचण वाटत नाही. मला गंमत वाटते, एवढंच.

२७ तारीख कुसुमाग्रजांच्या जन्मदिवसाची. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून या दिवसाच्या भाषणात तो शब्द पहिल्या पाच मिनिटांत येतोच. मी मनात घड्याळ लावतो. पण याच दिवसाच्या निमित्ताने एकदा ख्रिस्तपुराणावर ऐकलं होतं, ते अजून विसरलो नाही. भाषण करणाऱ्या बाई कागद न बघता ओव्या म्हणू लागल्या. मी लेव्हल बघत होतो, अर्धं लक्ष, आणि मला वाटलं ज्ञानेश्वरी चाललीय. आमच्या देवळात पारायणाला मीच माइक लावतो, ती चाल कानात बसलेली. मग ओवीत येशूचं नाव आलं आणि मी वर बघितलं. फादर स्टीफन्स, इंग्लंडातून आलेला जेझुइट पाद्री, गोव्यात राहून मराठीत ओव्या लिहितो आणि त्या १६१६ साली रायतूरला, म्हणजे आताच्या राशोलला, छापल्या जातात. छापल्या रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. १५५६ साली भारतातला पहिला छापखाना गोव्यात आला हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं. पण त्या छपाईतून ही मराठी अशी परक्या अक्षरांत बाहेर पडली, हे शाळेत कोणी सांगितलं नाही. राशोलच्या बाजूला लग्नाला साउंड घेऊन गेलो की मी आता सेमिनरीकडे दोन मिनिटं बघतो. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, हे आम्हाला पेपरला आहे." त्याच्यासाठी तो पेपर, माझ्यासाठी फुकटची मेजवानी.

विज्ञान दिनाला वेगळी धावपळ. तिथे माइकपेक्षा लॅपटॉपची पिन जास्त छळते. प्रत्येक मुलाचा लॅपटॉप वेगळा, प्रत्येकाचा आवाज प्रोजेक्टरकडे जातो आणि माझ्याकडे येत नाही. पण विषय चांगले असतात. खाली दोनापावलाला १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, त्यामुळे या भागात समुद्रावर, नद्यांवर बोलणाऱ्या माणसांची वाण नाही. मांडवी-जुवारीचं पाणी पावसाळ्यात गोडं आणि उन्हाळ्यात खारं पाणी नदीत वर कसं सरकत जातं, हे मी तिथे ऐकलं. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, मानशीचं (पाण्याच्या फाटकाचं) दार भरतीच्या जोराने आपोआप मिटतं आणि ओहोटीला उघडतं, हे माझ्या आजोबांना पाठ होतं. त्यांनी फक्त स्लाइड्स केल्या नव्हत्या.

आता थोडं विद्यापीठाबद्दल. ते १९८५ सालचं. त्याआधी गोव्यातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली. माझा काका मडगावला शिकला आणि प्रमाणपत्रावर मुंबई आली. तो आयुष्यभर मुंबईला गेला फक्त दोनदा, तेही डोळ्यांच्या डॉक्टरकडे. लोकांना अजून वाटतं की पठारावरची ती जागा म्हणजे फक्त पोरांची, बाहेरच्या माणसाने आत गेलं तर कोणीतरी विचारेल. मला अठरा वर्षांत कोणी विचारलेलं नाही, आणि माझ्यामागे बसलेल्या चार-दोन बाहेरच्यांनाही नाही. चर्चासत्राला नोंदणी असते ती प्रमाणपत्राची आणि जेवणाची. नुसतं ऐकायला मागच्या दाराने यावं, शेवटच्या रांगेत बसावं. खुर्च्या असतात. खुर्च्याच असतात.

पाहुण्या प्राध्यापकांसाठी विद्यापीठाने गोव्याच्या माणसांच्या नावाने अध्यासनं काढली. दा. ध. कोसंबी, बाकीबाब बोरकर, मारिओ मिरांडा, सोहिरोबानाथ आंबिये, अँथनी गोन्साल्विस. शेवटचं नाव वाचून मी हसलो होतो, कारण मला वाटलं कोणीतरी सिनेमातला घेतला. मग कळलं, हा माजोर्ड्याचा व्हायोलिनवाला, मुंबईच्या स्टुडिओत वाजवणारा आणि वादकांना सूर लिहून देणारा, प्यारेलालचा गुरू. शिष्याने गुरूचं नाव गाण्यात घातलं आणि सगळा देश ते नाव ओरडून गातो, माणूस कोण हे न विचारता. आणि कोसंबी गणिती. त्यांनी जुनी नाणी एकेक करून तोलली, झीज किती झाली ते मोजलं आणि त्यावरून नाणं किती काळ हातोहात फिरलं ते काढलं. हे ऐकल्यावर मी घरी येऊन जुन्या जॅकच्या पिना बघितल्या. ज्यांची झीज जास्त त्या बाबांच्या वेळच्या. बायको म्हणाली, जेवायला या.

पण यंदा मी ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते वेगळंच आहे.

भाच्याच्या वर्गाने फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एक दिवसाचा कार्यक्रम धरलाय, गोव्याच्या उत्सवी रंगभूमीवर. सकाळी निबंधवाचन, दुपारी घुमट आरती आणि फुगडी, आणि मधे एक तास "प्रत्यक्ष काम करणाऱ्यांशी गप्पा". रंगपट करणारा एक, पडदे रंगवणारा एक आणि साउंडवाला एक. भाच्याचा फोन आला तेव्हा मी टेंपोत होतो, बाणस्तारीच्या पुलावर.

"मामा, तुका उलोवपाचें आसा. धा मिन्टां."

"हांव कितें उलयतलों?"

"जें तूं टेंपोंत उलयता तें."

म्हणजे मला दहा मिनिटं बोलायचंय, आणि काय, तर जे मी टेंपोत बोलतो तेच. टेंपोत मी बोलतो कारण टेंपोत माइक नसतो.

हजारो माणसांना मी सांगितलंय, तोंडाजवळ धरा, घाबरू नका, समोर कोणी वाघ नाही. मंत्र्यांना सांगितलंय, कीर्तनकारांना सांगितलंय, एका नवऱ्यामुलाला सांगितलंय ज्याचे हात थरथरत होते. आणि आता चार दिवस मीच कागदावर लिहितोय आणि फाडतोय.

लिहायला पुष्कळ आहे, तीच अडचण. बाबांच्या वेळी नाटक मध्यरात्री पालखी आत गेल्यावर सुरू व्हायचं आणि उजाडेपर्यंत चालायचं. अहुजा कंपनीचे दोन भोंगे माडाला बांधलेले. भोंग्यातून संवाद फक्त गावाच्या बाहेर कळायचा, मांडवात कोणालाच नाही. मग लटकते माइक आले. मंचावर वरून तीन सोडलेले, डावा, मधला, उजवा. नटांना ते पक्के ठाऊक. महत्त्वाचा संवाद आला की राजा असो की भटजी, हळूहळू सरकत मधल्या माइकखाली यायचा. मरणारा माणूससुद्धा मरायला तिथेच यायचा. आमच्या गावात एकदा दोघे एकाच वेळी मधल्या माइकखाली आले, एक मारायला आणि एक मरायला, आणि दोघेही जागा सोडायला तयार नाहीत. लोकांना वाटलं तलवारबाजी फार रंगलीय.

डाव्या माइकचा त्रास वेगळा. विंगेत प्रॉम्प्टर बसायचा तो त्याच बाजूला. त्यामुळे मागच्या रांगेला प्रत्येक संवाद दोनदा ऐकू यायचा, आधी प्रॉम्प्टरचा, मग नटाचा. प्रॉम्प्टरचा बरेचदा चांगला असायचा.

आता गालाला चिकटवायचे माइक आले. नट कुठेही मरू शकतो. पण आवाज टाकायची सवय गेली, आणि रात्रही गेली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षातून फार तर १५ दिवस १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, आणि त्या पंधरांवर सगळ्या देवांचा हक्क. बंद सभागृहाला हा नियम लागत नाही. म्हणून नाटक देवळाच्या मांडवातून हॉलमध्ये शिरलं, अशी माझी समजूत. कोणी निबंधात वेगळं कारण देईल, देऊ दे. झोपलेल्या म्हाताऱ्यांची बाजू मला कळते, माझी आई आता त्यांच्यातच आहे. पण पहाटेचा चौथा अंक, दंवाने भिजलेल्या ताडपत्रीखाली, पेंगलेली पोरं मांडीवर आणि नटाचा बसलेला आवाज, त्याला कुठल्याही चॅनलवर ते वजन पुन्हा येत नाही.

हे सांगायचं की घुमटाचं सांगायचं, हा माझा झगडा. कारण दुपारी पोरं घुमट वाजवणार आणि माइक मला लावायचाय.

घुमट म्हणजे मातीचं मडकं, दोन तोंडांचं. मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड उघडं. उजवा हात कातड्यावर, डावा तळवा मागच्या तोंडावर उघडझाप करतो. नवा साउंडवाला हमखास माइक कातड्यासमोर धरतो आणि मग त्याला नुसता टणत्कार मिळतो, घुमणं मिळत नाही. घुमतं ते मागून. तिथे माइक अगदी तोंडात घातला तर हवेचा भसकन आवाज येतो. चार बोटं लांब, जरा तिरपा, तळव्याच्या वाटेत न येईल असा धरायचा. वाजवणारा हलतोच, आरती चढली की तो डोलतो, म्हणून स्टँडवर भरवसा नाही. मी मऊ कपडा गुंडाळून माइक त्याच्या मांडीपाशी बांधतो. दिसायला गावठी दिसतं. शेजारी शमेळ हे दुसरं चर्मवाद्य असतं, ते मोकळ्या आवाजाचं, त्याला माइक दिलाच नाही तरी चालतं, उलट ते घुमटाच्या माइकमध्ये घुसतं, तिथे त्याला थोपवावं लागतं.

कातडं पूर्वी घोरपडीचं असायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते गेलं, आता बकरीचं. जुने वाजवणारे म्हणतात आवाज गेला. मला विचाराल तर आवाज बदललाय, गेला नाही. आणि घोरपडीचंही कोणीतरी ऐकायला हवं. २०१९ साली सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य ठरवलं, ते बकरीच्या कातड्यासकटच. बकरीचं कातडं दमट हवेत सैल पडतं. चतुर्थीच्या पावसात पोरं ते चुलीपाशी नेऊन शेकतात. हॉलमध्ये उलटं होतं. एसीने हवा कोरडी, कातडं ताणतं, सूर वर चढतो आणि पहिल्या आरतीला जुळलेली दोन घुमटं तिसऱ्या आरतीला भांडायला लागतात. म्हणून मी भाच्याला सांगून ठेवलंय, दुपारी फुगडी आधी, घुमट नंतर, आणि घुमटवाल्यांना अर्धा तास आधी हॉलमध्येच बसवा. वाद्यांना हवा लागू दे. एवढं एक जरी त्या दहा मिनिटांत बोललो तरी कोणाच्या तरी कामाला येईल.

आणि एक गोष्ट आहे जी बोलावी की नाही ते ठरत नाही. दोनेक वर्षांपूर्वी एका कॉलेजात बीजभाषण होतं. बाई ऐंशीच्या घरातल्या, बारीक चणीच्या. कॉर्डलेस माइकचे सेल मी आदल्या रात्रीच्या बारशातलेच ठेवले होते. आळस, दुसरं काही नाही. सातव्या-आठव्या मिनिटाला माइक खरखरला आणि मेला. मी दुसरा माइक घेऊन वाकत वाकत पुढे धावलो, तेवढ्यात त्यांनी हाताने मला थांब म्हटलं, मेलेला माइक टेबलावर आडवा ठेवला आणि तशाच बोलत राहिल्या. आवाज चढवला नाही. उलट जरा उतरवला. पुढच्या पाच मिनिटांत हॉलमधले पंखे ऐकू यायला लागले, एवढी शांतता. मी उकिडवा बसलो होतो पहिल्या रांगेच्या बाजूला, हातात चालू माइक घेऊन, आणि पंचवीस मिनिटं उठलो नाही. जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या. मला वाटलं आता ऐकावं लागणार. त्यांनी विचारलं, "सेल कुठले वापरता हो?" आणि गेल्या.

भाचा म्हणतो हेच सांग. मी म्हणतो, तीनशे माणसांसमोर माझा धंदा बुडवू?

ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी: पणजीच्या बसस्टँडवरून विद्यापीठाकडे जाणाऱ्या बसा मिळतात, मडगावकडून येणाऱ्यांना बांबोळीला उतरून वर जाणं सोयीचं पडतं. परतीची बस उतरतानाच विचारून ठेवा. सकाळी दीपप्रज्वलन चुकलं तरी चालेल, पठारावर वारा असतो आणि पंखे बंद केले तरी समईची पाचवी वात पेटता पेटत नाही, माझ्या पेटीतला लाइटर तेवढ्यासाठीच असतो. चहा अकराच्या सुमाराला. त्याच्या आधी आलात तर मिक्सरपाशी या, मी मागेच असेन.

मधला तासभर सोडून. त्या वेळी मिक्सरवर भाचा बसणार आहे. त्याला मी कालच समजावलं, मी घाबरलो की माझा हात खाली जाणार आणि माइक छातीपाशी जाणार, तेव्हा चार नंबरचा फेडर थोडा वर घ्यायचा, पण खुणेच्या पुढे नाही, नाहीतर शिट्टी मारेल. त्याने फोनमध्ये लिहून घेतलं. सेल मात्र मी स्वतः घालणार आहे.